कशावरून?

हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते.

आपल्या बचत गटातल्या सगळ्याजणींचं बँकेत खातं आहे. सुमनचंही बँकेत खातं आहे. तर मग सुमन आपल्या गटात आहे का?

बऱ्याचजणींच्या तोंडून पटकन ‘हो’ आलं असेल. जरा थांबा. बँकेत खातं तर गावातल्या दुकानदाराचंही असतं, शाळेतल्या गुरुजींचंही असतं. तेही आपल्या गटात आहेत का? नाहीत ना? म्हणजे सुमन गटात असेल किंवा नसेलही. दिलेल्या माहितीवरून ते सांगता येत नाही. हेच बरोबर उत्तर.

असे प्रश्न पुण्यात दरवर्षी हजारो मुलंमुली सोडवत बसतात. सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा. वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं म्हणून हा सराव चाललेला असतो. त्यात खेड्यातून आलेल्या मुली खूप असतात. या प्रश्नांना ‘तार्किक क्षमता’ म्हणतात, इंग्रजीत ‘लॉजिकल रिझनिंग’. नाव ऐकूनच पुष्कळ मुली घाबरतात. घरून फोन आला की म्हणतात, “आई, बाकी सगळं जमेल, पण हे लॉजिकल काही डोक्यात शिरत नाही.” आणि आईला वाटतं, आपण शिकलेल्या नाही, यात आपण काय बोलणार! आज मी तुम्हाला हेच सांगायला आले आहे, की यात तुम्ही पुष्कळ बोलू शकता.

आधी परीक्षेबद्दल थोडं सांगते. आपल्या राज्यात वकिलीच्या शिक्षणाला जायचं तर राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवी झाल्यावर तीन वर्षांचा. परीक्षा संगणकावर होते. 2025 सालच्या परीक्षेत दोन तासांत 120 प्रश्न होते, प्रत्येकाला एक गुण. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्यातले 32 प्रश्न तर्काचे होते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 24. म्हणजे पाच वर्षांच्या परीक्षेत चौथ्या हिश्श्याहून जास्त गुण एकट्या तर्काचे. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ नावाची वेगळी परीक्षा असते. ती इंग्रजीतून होते आणि तिथे चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलींनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

आता मुद्द्यावर येते. सामान्य ज्ञानाला पाठांतर लागतं, इंग्रजीला वर्षांची सवय लागते. तर्काला यातलं काही लागत नाही. कुणाच्या घरी पुस्तकं होती, कोण मोठ्या शाळेत गेलं, याचा इथे फार फायदा होत नाही. दिलेली माहिती नीट ऐकायची, तेवढीच धरायची आणि तिच्यातून जेवढं निघतं तेवढंच म्हणायचं. गटाचा हिशेब लिहिणारी बाई हे दर महिन्याला करते. म्हणून मला वाटतं, गावाकडच्या मुलीला गुण मिळवायला सगळ्यात जवळची जागा हीच आहे.

चला, एकेक प्रकार बघू.

पहिला प्रकार ‘सर्व’ आणि ‘काही’चा. सुमनचा प्रश्न यातलाच. हा सोडवायला ताट-वाटी घ्या. बँकेत खातं असलेले सगळे लोक म्हणजे ताट. आपला गट म्हणजे त्या ताटात ठेवलेली वाटी. गटातली प्रत्येकजण ताटात आहेच. पण सुमन ताटात आहे एवढंच आपल्याला सांगितलं. ती वाटीत आहे की वाटीच्या बाहेर, हे कुणी सांगितलंच नाही. मुली कागदावर गोल काढून हेच करतात. ज्या मुलीला गोल समजत नाहीत, तिच्यापुढे खरंच ताट-वाटी ठेवा आणि शेंगदाण्याचा दाणा सुमन म्हणून फिरवा. एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही.

‘काही’ हा शब्दही फसवा आहे. “गटातल्या काही बायकांनी कर्ज घेतलं” असं म्हटलं, की आपण लगेच धरून चालतो, की बाकीच्यांनी घेतलं नाही. परीक्षेत तसं धरायचं नाही. ‘काही’ म्हणजे निदान एक. सगळ्यांनी घेतलेलं असलं तरी ‘काहींनी घेतलं’ हे खरंच राहतं. या एका शब्दावर मुलींचे कितीतरी गुण जातात.

दुसरा प्रकार ‘जर-तर’चा. “जर जोराचा पाऊस झाला, तर बाजार भरत नाही.” हे वाक्य खरं धरा. आज बाजार भरला नाही. मग जोराचा पाऊस झाला का? सांगता येत नाही. बाजार निवडणुकीमुळे बंद असेल, गावात कुणी वारलं असेल. पण आज बाजार भरला आहे असं कळलं तर? तर जोराचा पाऊस झाला नाही हे नक्की. कारण पाऊस झाला असता तर बाजार भरलाच नसता. म्हणजे जर-तरचं वाक्य सरळ चालतं, आणि मागून ‘नाही’ धरून उलटं चालतं. नुसतं उलटं फिरवलं की फसतं.

हे फसणं परीक्षेपुरतं असतं तर मी एवढं बोलले नसते. “चोर असला की घाबरतो. हा घाबरला. म्हणजे हाच चोर.” ऐकलं आहे ना असं? अहो, पोलिसांना बघून निरपराध माणूसही घाबरतो. आणि यापेक्षा वाईट एक आहे. “ती दारात येऊन गेली आणि म्हैस आटली, म्हणजे तिनंच काहीतरी केलं.” एकामागून एक दोन गोष्टी घडल्या, म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. कोंबडा आरवल्यावर दिवस उगवतो, पण कोंबड्यामुळे उगवत नाही. अशा वाकड्या तर्कानं किती बायकांना चेटकीण ठरवलं, गावाबाहेर काढलं, मारलं. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यातच खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. बाईला चेटकीण ठरवून छळणं आज गुन्हा आहे. उद्या आपली मुलगी वकील होऊन अशा बाईच्या बाजूनं उभी राहील तेव्हा ती पहिला प्रश्न हाच विचारेल, “कशावरून?”

तिसरा प्रकार गृहीतकाचा. गृहीतक म्हणजे बोलणाऱ्यानं न बोलता मनात धरलेली गोष्ट. समजा कुणी म्हणालं, “ग्रामसभेला बायका आल्या नाहीत, म्हणजे त्यांना गावाच्या कामात रस नाही.” यात काय धरलेलं आहे? एक, बायकांना सभा आहे हे कळलं होतं. दोन, सभेची वेळ त्यांना जमणारी होती. तीन, आल्या असत्या तर त्यांना बोलू दिलं असतं. यातला एकही पाय खोटा निघाला की ते बोलणं कोसळतं. परीक्षेत चार पर्याय देतात आणि विचारतात, या विधानामागे काय गृहीत आहे? युक्ती अशी : एकेक पर्याय खोटा आहे असं समजायचं आणि बघायचं, मूळ बोलणं उभं राहतं का. जो खोटा धरल्यावर बोलणंच पडतं, ते गृहीतक.

चौथा प्रकार नात्यांचा. यात तर आपल्यासारखं कुणी नाही! एक बाई मुलाच्या फोटोकडे बघून म्हणते, “याच्या आईची सासू ती माझी आई.” बाई त्या मुलाची कोण? मुलाच्या आईची सासू म्हणजे मुलाच्या वडिलांची आई. तीच या बाईचीही आई. म्हणजे बाई वडिलांची बहीण. आत्या! इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना एकच शब्द आहे, ‘आंट’. म्हणून इंग्रजीतून सोडवणारी मुलं गोंधळतात. मराठीत नाव घेतलं की नातं कोणत्या बाजूचं ते लगेच कळतं. तेव्हा मुलींनो, प्रश्न इंग्रजीत असला तरी मनात मराठीत सोडवा. आणि आज्यांनो, रात्री जेवणानंतर नातीला दोन नाती उलटीसुलटी करून विचारत जा. हा सराव फुकट आहे.

पाचवा प्रकार बैठकीचा. पंगतीत पाचजणी एका ओळीत बसल्या आहेत. इंदू, कमल, रखमा, शांता आणि तारा. वाढणारी त्यांच्यासमोर उभी आहे, तिच्या डावीकडून मोजायचं. शांता बरोबर मधोमध आहे. कमल डाव्या टोकाला आहे. इंदू शांताच्या शेजारी आहे, पण कमलच्या शेजारी नाही. रखमा टोकाला नाही. तर उजव्या टोकाला कोण?

हे डोक्यात धरून बसायचं नाही. पाच खडे मांडा किंवा कागदावर पाच रेघा ओढा. जे पक्कं सांगितलं आहे ते आधी भरा. शांता तिसरी, कमल पहिली. इंदू शांताच्या शेजारी, म्हणजे दुसरी किंवा चौथी. दुसरी असती तर कमलच्या शेजारी आली असती, म्हणून चौथी. आता दुसरी आणि पाचवी जागा उरली. रखमा टोकाला नाही, म्हणून ती दुसरी. उजव्या टोकाला तारा. बघा, कुठे हुशारी लागली? क्रम लागला. आधी पक्कं, मग अर्धवट, मग उरलेलं.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रकार. कायद्याच्या प्रश्नांत एक नियम देतात, एक हकीकत देतात आणि विचारतात, निकाल काय? तिथे आपल्याला काय वाटतं हे सांगायचं नसतं. दिलेला नियम हकिकतीला लावायचा असतो. याचं खरं उदाहरण देते, आपल्या सगळ्यांच्या घरातलं.

हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला. महाराष्ट्रात 1994 सालीच अशी दुरुस्ती झाली होती, पण तिच्यात आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नव्हता. 2005 च्या कायद्यात ही अट नाही. तरी एक वाद उरला. ज्या मुलीचे वडील 9 सप्टेंबर 2005 च्या आधीच वारले, तिचं काय? काही निकालांत म्हटलं गेलं, की त्या दिवशी वडील हयात हवेत. शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात निकाल दिला.

त्यातला तर्क ऐका. कायदा म्हणतो, मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. मुलाला हक्क कधी मिळतो? जन्मला की. वडील केव्हा वारले यावर तो अवलंबून नाही. मग मुलीचा हक्क तरी वडिलांच्या हयातीवर कसा अवलंबून राहील? म्हणून त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. एवढा मोठा निकाल, पण सांधा किती सरळ! ‘जन्मानं’ हा एक शब्द नीट धरला आणि त्यातून जे निघतं ते काढलं. अर्थात, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या या कायद्यानं मोडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. नियमाबरोबर त्याचा अपवाद वाचणं हाही तर्काचाच भाग आहे.

आता कुणी भाऊ म्हणेल, “लग्नात खर्च केला, म्हणजे तुझा हिस्सा पोचला.” तुम्ही काय म्हणाल? कशावरून? कायद्यात तसं कुठे लिहिलं आहे? भांडू नका, नुसतं विचारा. हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलं तर आधी वाचून घ्या, वाचून घेता येत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही.

सरावाबद्दल थोडं व्यवहाराचं सांगते. 120 प्रश्न आणि 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पण सुरुवातीला घड्याळ लावू नका. आधी महिनाभर रोज दहा प्रश्न, सावकाश, कारण लिहून सोडवायचे. बरोबर आलं तरी ‘का बरोबर’ हे एका ओळीत लिहायचं. मग घड्याळ लावायचं. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करायची आणि त्यात फक्त चूक कुठे झाली ते लिहायचं. ‘काही’ला ‘फक्त काही’ समजले, जर-तर उलटं फिरवलं, न दिलेली माहिती मनानं घातली. पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसतं, चुका शंभर असल्या तरी प्रकार चार-पाचच आहेत. तेवढे दुरुस्त केले की झालं.

परीक्षेत एखादा बैठकीचा प्रश्न अडला तर त्याच्यात रुतून बसू नये. पुढे जावं, शेवटी परत यावं. आणि सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही उत्तर कोरं ठेवून उठू नये. संगणकाची सवय नसेल तर परीक्षेआधी चार-सहा वेळा संगणकावर बसून सराव परीक्षा द्यावी. येत असलेलं उत्तर माऊस चालवता न आल्यानं जाऊ नये.

पुस्तकांसाठी फार पैसे लागत नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात वापरलेली पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात. महागडा क्लास लावलाच पाहिजे असं नाही. तीन-चार मुलींनी एकत्र बसून एकमेकींना प्रश्न घातले आणि उत्तराचं कारण मागितलं, की चांगला सराव होतो. आपल्या गटाच्या बैठकीआधी पंधरा मिनिटं गावातल्या बारावीच्या मुलींना बोलवा. त्यांनी एक प्रश्न सांगायचा, सगळ्याजणींनी सोडवायचा. मुलींना समजावून सांगण्याचा सराव होईल आणि आपलंही डोकं चालेल.

पैशाची आणखी एक गोष्ट. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झालेला असला पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. आपल्या मुलीला काय लागू होतं ते महाविद्यालयात जाऊन विचारा. आणि उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. गुण मिळूनही दाखल्यावाचून जागा गेली, असं व्हायला नको.

जाता जाता पुण्याची एक आठवण सांगते. लॉ कॉलेज रस्त्यावरचं आयएलएस विधी महाविद्यालय 1924 सालचं. पी. बी. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड हे देशाचे दोन सरन्यायाधीश तिथेच शिकले. पण त्याच्याही आधी, 1880 च्या दशकात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी नावाची एक मुलगी शिकत होती. जन्म नाशिकचा, आईनं पुण्यात शाळा चालवलेली. ती पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकली, 1892 साली परीक्षा उत्तीर्ण झाली. पण बाई म्हणून तिला पदवी मिळाली नाही. ती मिळायला तीस वर्षं गेली. या देशात बायकांना वकिली करण्याचा रीतसर कायदा 1923 साली झाला. तोवर पडद्यात राहणाऱ्या, इस्टेटीवरून फसवल्या जाणाऱ्या बायकांसाठी कॉर्नेलियाबाई काम करत राहिल्या. “बाई आहे, म्हणून वकिली जमणार नाही,” असं तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत. आता तुम्हीच सांगा, या वाक्यात काय गृहीत धरलं होतं?

ज्यांची पदवी झाली आहे, मुलं मोठी झाली आहेत, त्यांनीही तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे. सुनेबरोबर सासूही परीक्षेला बसली तर पंगतीचा प्रश्न दोघी मिळून सोडवतील!

आता घरचा अभ्यास. ज्या घरात नळ आहे, त्या घरात मीटर आहे, हे खरं धरा. पारूच्या घरात मीटर नाही. शेवंताच्या घरात मीटर आहे. तर दोघींच्या घरी नळ आहे का? उत्तर एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, “कशावरून?” पुढच्या बैठकीत ताट, वाटी आणि दोन शेंगदाणे घेऊन बसा.